रेडियम उचलतं तेव्हा

तलासरीच्या नाक्यावर एसटीतून उतरताना माझे पाय आधी जमीन चाचपतात. एक पाय खाली ठेवायचा, जमीन गप्प आहे ना ते बघायचं, मग दुसरा. मागच्या बायका "उतरा ना ओ" करतात, कंडक्टर दार आपटायच्या बेतात असतो, आणि मी भर उन्हात ओशाळून रस्त्यावर उभी राहते. लग्न होऊन वसईला गेले त्याला बरीच वर्षं झाली. तिथे मी अशी पाय आपटत चालते की खालच्या मजल्यावरच्या काकू तक्रार करतात. इथे मात्र मी मांजरीच्या पावलांनी चालते. या जमिनीवर माझा विश्वास बसत नाही.

नाक्यावरून आत वळलं की दादाचं दुकान. गाड्यांच्या नंबरप्लेटी, ट्रकच्या काचेवरची देवांची नावं, होड्यांचे नंबर, नर्सरीच्या पाट्या, असं सगळं तो रंगीत चिकट व्हिनाइलमधून कापून देतो. व्हिनाइल हा शब्द फक्त बिलावर. आमच्याकडे त्या सगळ्याला रेडियमच म्हणतात, मग ते अंधारात चमको न चमको. दादा माझ्यापेक्षा थोरला. लहानपणी एक ताप आला आणि जाताना त्याचे कान घेऊन गेला. तो बोलतो, जरा मोठ्याने आणि एका सुरात. समोरच्याचं बोलणं ओठांवरून ओळखतो.

या खेपेला मी शिकवते त्या शाळेला सुट्टी लागली म्हणून मी आले, तर दुकानाचं रूपच बदललेलं. कापायचं मशीन वर्षानुवर्षं आतल्या भिंतीशी होतं, ते टेबलासकट दारात आणून ठेवलेलं. रस्त्यावरून डंपर गेला की धुळीचा लोट थेट मशीनवर. दादा एका नर्सरीच्या पाटीची लाल अक्षरं कापत होता आणि अक्षरांचे कोपरे उचलत होते. 'चिकू'मधला चि तर अर्धा वर येऊन ब्लेडबरोबर फरफटत चालला होता. मी बॅग हातात धरून दारातच थबकले.

एवढ्याशा गोष्टीला कोण घाबरतं, असं कोणी म्हणेल. आमचे हे तर म्हणतातच. पण ज्या हिवाळ्यात मी या दुकानात बसायचे, त्या हिवाळ्यात रेडियम उचलणं आणि जमीन हलणं या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना अशा चिकटल्या की आजवर सुट्या झालेल्या नाहीत.

तेव्हा आम्ही घोलवडला राहायचो. बाबा रेल्वेत, स्टेशनच्या पार्सल ऑफिसात. क्वार्टरच्या खिडकीतून चिकूच्या खोक्यांचा वास यायचा, गोड, थोडा आंबूस, आणि गवतात गुंडाळलेला. आईच्या साड्यांनासुद्धा तो वास होता. सकाळी मी आणि दादा बोर्डीवरून जीपमध्ये बसायचो. जीपमध्ये कोणाच्या तरी पाटीत सुके बोंबील असायचे, कोणाची कोंबडी पायात फडफडायची. उजाडताना सुरूच्या झाडांमधून समुद्राची एक पट्टी दिसायची आणि मग ती मागे राहून ताडाची झाडं सुरू व्हायची. थंडी इतकी की दादा माझ्या शालीचं एक टोक ओढून घ्यायचा. मी ते परत ओढायचे. तलासरीपर्यंत हीच झटापट.

दुकान उघडल्यावर पहिला वास नव्या रेडियमचा. नव्या चपलांच्या दुकानात येतो तसा, पण जास्त तिखट, नाकात चढणारा. मग दादाची पूजा सुरू. आधी देवाला उदबत्ती, नंतर मशीनला. मशीनच्या पूजेला उदबत्ती नव्हे, जुना टूथब्रश लागायचा. ब्लेडच्या टोकाला कालच्या कापाचा बारीकसा तंतू अडकला असेल तर आजचं पहिलंच अक्षर उचलणार, म्हणून तो ब्रशने टोक झाडायचा, फुंकर घालायचा आणि अंगठ्याच्या नखावर धार बघायचा. बोथट ब्लेड कापत नाही, ओढतं, असं त्याचं म्हणणं. रेडियमचे रोल तो प्लॅस्टिकच्या पिशवीत तांदळाच्या पुरचुंड्या घालून ठेवायचा. पाठचा कागद दमटला की वरचं रेडियम त्याला धरून राहत नाही, सुटतं. तुकडा कापला की फडक्यात गुंडाळलेल्या पट्टीने तो मधून बाहेर, मधून बाहेर असा घासायचा, कडांना मास्किंग टेप लावायचा आणि मग तळहात ठेवून क्षणभर डोळे मिटायचा. लहान बाळाचा ताप बघावा तसा. मला हसू यायचं. आता ते आठवलं की रडू येतं.

माझं काम कॉम्प्युटरवर अक्षरं मांडायचं आणि ऐकायचं. कापताना मशीनचा एक सरळ आवाज असतो. रेडियम उचललं की त्यात टिक टिक मिसळते, ब्लेड सुटलेल्या कडेला अडकत असतं. तो आवाज दादाला येणं शक्य नव्हतं. टिक टिक आली की मी टेबलावर थाप मारायची, तो मशीन थांबवायचा, नखाने कोपरा दाबायचा, पुन्हा चालू. दिवसभर हेच. माझं मशीनकडे पाठ करून बसणं दादाला चालायचं नाही. माझी खुर्ची त्याच्या समोर हवी. मी त्याला तेव्हा हुकूमशहा म्हणायचे.

आणि मग तो हिवाळा आला. पहिल्यांदा आवाज झाला तेव्हा सगळ्यांना वाटलं, डोंगरात खाणीला सुरुंग लावला. मग पुन्हा झाला. मग भांडी वाजली. धक्का यायच्या आधी, किंवा त्याच्याबरोबरच म्हणा, जमिनीखालून एक दणका ऐकू यायचा. पोकळ, जाड. कोणीतरी खालून दार ठोठावतंय असा. ज्याने तो ऐकला त्याला मी काही सांगायची गरज नाही, आणि ज्याने ऐकला नाही त्याला मी सांगू शकणार नाही. डहाणू-तलासरीत लोकांनी अंगणात ताडपत्र्या बांधल्या. शाळा आंब्याखाली भरायला लागल्या. बायका चुली बाहेर घेऊन बसल्या. पाड्यांवर कुडाची घरं होती त्यांचं एक वेळ ठीक, कुड पडला तर अंगावर माती पडेल. आमच्या दुकानावर स्लॅब होता.

वर स्लॅब आणि खाली दादा. मला त्या हिवाळ्यात दुसरं काही सुचायचंच नाही. दणका ऐकून सगळा बाजार बाहेर पळायचा, आणि ज्याला दणका ऐकू येत नाही तो मान खाली घालून नंबरप्लेट कापत बसणार. हादरा तरी त्याला कळेल का? हायवे हाकेच्या अंतरावर, दिवसभर ट्रक. टेबल हलतंच. मशीनही टेबल हलवतं. त्यातला कुठला हादरा ट्रकचा आणि कुठला खालचा, हे मलाही आवाजाशिवाय कळत नव्हतं.

म्हणून मी त्याला ओढायचे. काहीही हललं की ओढायचे. टँकर गेला, ओढ. कोणी शटर आपटलं, ओढ. शर्टाची कॉलर धरून मी त्याला रस्त्यावर काढायचे आणि मागे मशीन एकटंच चालू. परत येईपर्यंत रेडियम सुटून ब्लेडभोवती चोळामोळा झालेला असायचा. समोरच्या पंक्चरवाल्याचा माणूस वापीचा होता, तो हसत गुजरातीत म्हणायचा, "बेन, ए तो ट्रक हतो!" ट्रकच होता म्हणे. गिऱ्हाइकं वैतागायची. दादा आधी हसला, मग चिडला.

"बाय," तो एकदा मोठ्याने म्हणाला, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं, "भूकंपाने माल जात नाही माझा. तुझ्याने जातो."

मी रडले. मग ठरवलं की खात्री झाल्याशिवाय ओढायचं नाही. ते दिवस त्याहून वाईट. काहीतरी हलायचं आणि मी खुर्चीत बसून ठरवत राहायचे. ट्रक, की तो? ट्रक, की तो? तळहातांना घाम यायचा, की-बोर्ड ओला व्हायचा. आईने जेवणाचा डबा दिलेला तसाच परत जायचा. आणि तरी, खरं सांगते, तेवढी मी पुढे कोणालाच कधी हवी नव्हते. दोन माणसं, समोरासमोर, आणि एकाच्या जिवाची राखण दुसऱ्याच्या कानांवर. आता वसईत मला कोणी असं समोर बसवून ठेवत नाही.

संक्रांतीच्या सुमाराला वरोरचे हरीकाका होडीचं नाव कापून घ्यायला आले. होडी नवी, नाव 'जलदेवी'. काका दारातच बसले, आत यायला तयार नव्हते. दर्यावर जन्म गेलेला माणूस, पण स्लॅबखाली बसायचं नाव नको.

"बाय, अक्षरं मोठी घे," ते म्हणाले. "दर्यात लांबून दिसली पायजेत. आन् उचलू देऊ नको हां. खारं वारं कोपऱ्यातनंच आत शिरतं."

दादाने ओठ वाचले आणि मान हलवली. पांढरं रेडियम, मोठी अक्षरं, सावकाश वेग. 'ज' छान निघाला. 'ल'च्या वळणावर टिक टिक आली. मी थाप मारली, दादा वाकला आणि नखाने कड दाबायला लागला. तेवढ्यात खालून दणका.

हा ट्रक नव्हता. रॅकवरचे रोल एकमेकांवर आपटले, भिंतीवरचा आरसा निखळून फुटला, छतातून सिमेंटचा भुगा पडायला लागला. हरीकाका "भायेर या रं" ओरडत रस्त्यावर. मी ज्याची महिनाभर तालीम करत होते ते करायची वेळ आली होती, आणि माझा हात उचलेना. पाय नाहीत, आवाज नाही. मी खुर्चीत बसून दादाच्या डोक्यावरच्या स्लॅबकडे बघत राहिले. तो वाकलेला, त्याचं नख 'ल'च्या कडेवर.

त्याने मान वर केली. एक क्षण. मग मशीन, रेडियम, सगळं टाकून त्याने मला खुर्चीसकट उचललं म्हणा किंवा ओढलं म्हणा, आम्ही रस्त्यावर होतो. मागे प्लास्टरचा एक तुकडा माझ्या की-बोर्डवर पडला.

रस्त्यावर अख्खा बाजार उभा होता. कोणी देवाचं नाव घेत होतं, कोणी पोरांना हाका मारत होतं. मी दादाच्या शर्टाला धरून होते.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

त्याने चपला काढल्या आणि आपल्या धुळकट पावलांकडे बोट दाखवलं. "पायाला कळतं," तो म्हणाला. "ट्रकचं वेगळं. याचं वेगळं. आता मला येतं ते. तू नको काळजी करू."

त्या दिवसापासून तो दुकानात अनवाणी बसायला लागला. मी घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं. आईने त्याच्या पावलांना हळद लावली आणि डोळे पुसले. बाबांनी पार्सल ऑफिसात सांगितलं. माझ्या छातीवरचा दगड उतरला. 'जलदेवी' दुसऱ्या दिवशी पुन्हा कापली, एकही कोपरा न उचलता. पुढच्या वर्षी वसईचं स्थळ आलं तेव्हा दादाच म्हणाला, हो म्हण. मी हो म्हटलं. त्याचे पाय होते ना.

तर आता, या खेपेला, दारात मशीन आणि मशीनवर धूळ. मी बॅग ठेवली आणि फडकं घेतलं.

"आत घे हे आधी," मी त्याच्यासमोर उभी राहून म्हटलं. "धुळीत कोण रेडियम कापतं? तूच शिकवलंस ना मला?"

"राहू दे."

"उचलतंय सगळं. बघ तो चि."

"उचलू दे."

दादा आणि उचलू दे! मी टेबलाचं एक टोक धरून ओढायला लागले. त्याने दुसरं टोक धरलं. जीपमधल्या शालीसारखी झटापट, फक्त आता दोघांचे केस पिकलेले.

"तुझ्या पायाला कळतं की," मी म्हटलं. "मग आत बसलास तर काय बिघडलं?"

त्याने टेबल सोडलं. मग हसला, चोरी पकडल्यावर हसतात तसं.

"पायाला काय कळणार, बाय? ट्रकने हलतं, मशीनने हलतं. दिवसभर हलतंच."

"मग त्या दिवशी?"

"तुझं तोंड बघितलं."

तो सावकाश सांगायला लागला. त्या दिवशीच नाही, रोजच. हात कामात, पण एक डोळा माझ्याकडे. ट्रक असला की मी ओठ चावायचे. खालचा धक्का आला की माझं तोंड उघडं पडायचं आणि रंग उडायचा. "तेवढं बघायचं आणि पळायचं. सोपं होतं," तो म्हणाला.

"आणि मग पायाचं काय ते?"

"तू गेली नसतीस," दादा म्हणाला.

मी खुर्चीत बसले. इतकी वर्षं मी वसईत पाय आपटत चालत होते. बातमीत डहाणूचं नाव आलं की छातीत धस्स व्हायचं, आणि मग मीच मला समजवायचे, त्याच्या पायाला कळतं. चहा करायचे, डबे भरायचे. आणि इथे हा माणूस स्लॅबखाली एकटा, मान खाली, कानात शांतता.

"आता?" मी विचारलं.

त्याने रस्त्याकडे हात केला. "आता त्यांची तोंडं बघतो. म्हणून टेबल इथे. धूळ बसते, काय करणार? दोनदा कापतो."

समोर सुमनमावशीची चहाची टपरी. बाकावर दोघं-तिघं, शेजारी पंक्चरवाला. मी उठले, रस्ता ओलांडला आणि तिच्यासमोर जाऊन बसले. मला तिला हात जोडून सांगायचं होतं. शब्द जुळवत मी चहा मागितला.

"मावशी, एक काम करशील? धक्का बसला की पळायच्या आधी दादाकडे तोंड कर. त्याला दिसू दे. मग पळ."

मावशी चहा गाळत होती. "पलायचं?" ती म्हणाली. "आता कोन पलतंय, ताई? पयल्यांदा पलायचो. आता रोजचंच झालं. येतो नि जातो. परवा आला तवा मी दूधसुदिक खाली नाय ठेवलं."

बाकावरचा माणूस हसला. "घर हाललं तर बायको म्हनते, झोपा."

मी त्यांच्या तोंडांकडे बघत राहिले. चांगली, कष्टाची, शांत तोंडं. त्यांच्यावर भीतीचा मागमूस नव्हता. आणि माझा भाऊ रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती वाचत बसतो.

तेव्हाच दणका आला. लहानसा. बाकाखालून, टाचांतून वर. ट्रेमधले ग्लास किणकिणले. मावशीचा हात थांबला नाही, चहाची धार तशीच. बाकावरच्या माणसाने बिस्किट बुडवलं आणि मोबाइलकडे बघत खाल्लं. रस्त्यापलीकडे दादाने मान वर केली. मला दिसलं ते. त्याने मावशीकडे बघितलं, बाकाकडे बघितलं, पंक्चरवाल्याकडे बघितलं. आणि पुन्हा खाली वाकून नखाने कोपरा दाबायला लागला.

हाक मारून उपयोग नव्हता. मी उठून रस्त्याच्या मध्ये जाऊन उभी राहिले. मागून स्कूटरवाला शिवी देऊन गेला. शाळेत पोरांपुढे तोंड सरळ ठेवायला मी शिकले आहे, मुख्याध्यापिकाबाईंपुढे ठेवते, सासरी ठेवते. त्या रस्त्यावर मला ते जमलं नाही आणि मी जमवलंही नाही. दादा, वर बघ. दादा, वर बघ.

त्याने बघितलं. स्टूल मागे उलटं पडलं आणि तो धावत रस्त्यावर आला, अनवाणी, हातात पट्टी तशीच. माझं मनगट त्याने इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. मागे मशीन चालूच होतं आणि लाल रेडियमचा गोळा करत होतं. तिकडे त्याने बघितलंही नाही.

"गेला पन तो, ताई," मावशी टपरीतून म्हणाली. "कदीच गेला."

खरंच गेला होता. काही पडलं नव्हतं. पण दादाने माझं मनगट सोडलं नव्हतं. एवढ्या वर्षांत मला तो नुसता चिडलेला आणि हसलेला माहीत होता. तोही घाबरतो, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

वसईकडे जाणारी एसटी नाक्यावर येऊन थांबली. कंडक्टरने दोनदा घंटी मारली. मी दादाच्या समोरून हलले नाही.